केळीतला अंधार आणि बारा बोर

निंबोल्यात बंदुकीचा विषय निघतो तो रानडुकरांवरून. बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या इंदूर-इच्छापूर रस्त्यावरचं हे गाव. एका अंगाला सातपुड्याचा उतार, दुसऱ्या अंगाला तापीच्या खोऱ्याकडे पसरत गेलेली काळी जमीन, आणि मधे केळी, ऊस, मका, कापूस. रात्री डोंगरातून कळप उतरतो आणि सकाळी मालकाला बागेच्या कडेची दहा-बारा खोडं आडवी दिसतात. मक्यात डुक्कर शिरलं तर खाण्यापेक्षा तुडवून नासाडी जास्त. नीलगाय, जिला कुणी रोही म्हणतं तर कुणी रोजडा, ती तर उभ्या पिकातून चालत जाते तीच वाट पाडत. मग पारावर कुणीतरी म्हणतंच, एक चांगली बंदूक पाहिजे होती.

आधी ही ‘चांगली बंदूक’ म्हणजे दोननळी असायची. आता तरुण पोरांच्या मोबाइलवर परदेशातल्या बंदुकांचे व्हिडिओ येतात. काळी, बुटकी, वर दुर्बीण, खाली टॉर्च, दस्त्यावर काडतुसांची रांग, आणि चाप ओढत राहिलं की बारामागून बार. अर्धस्वयंचलित शॉटगन. ‘आपल्याला अशी मिळेल का? तिच्यात काय काय बदलून घेता येईल? आणि घरात चोर शिरला तर चालवता येईल का?’ हे तीन प्रश्न मला माझ्या मामेभावाने विचारले. त्याचे वडील, म्हणजे माझे मामा, मागे एक जुनी एकनळी ठेवून गेले आहेत. त्याला नीट उत्तर द्यावं म्हणून जे वाचलं, विचारलं, तपासलं, ते इथे मांडतो आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. बारा बोर हे नाव जुन्या इंग्रजी मापावरून आलं: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास, तो नळीचा व्यास, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे आटे नसतात. काडतुसात सहसा एक गोळी नसते, छर्रे असतात. पाखरांसाठी बारीक, डुकरासाठी जाड. आपल्याकडे जाड छर्ऱ्यांना एलजी, एसजी म्हणतात. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आणि तिथली ‘शक्तिमान’ काडतुसं खानदेशापासून चंबळपर्यंत शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत.

एकनळीत एक बार उडाला की नळी मोडून रिकामं काडतूस काढायचं, नवं घालायचं. दोननळीत दोन. पंपाच्या बंदुकीत हाताने खालची मूठ मागेपुढे करून पुढचं काडतूस चढवावं लागतं. अर्धस्वयंचलित बंदुकीत हे काम उडालेल्या बाराचा धक्का किंवा त्याचा वायू करतो. माणसाने फक्त चाप ओढायचा, दर ओढीला एक बार. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने अशा शॉटगनचं पेटंट १९०० साली घेतलं, १९०२ पासून बेल्जियमच्या एफएन कारखान्यात ती बनू लागली, आणि पाठीवर कुबड असल्यासारखी दिसणारी ती ‘ऑटो-५’ जवळपास शतकभर विकली गेली. म्हणजे मोबाइलवर नवी वाटणारी ही गोष्ट आपल्या पणजोबांच्या काळातली आहे. नवा आहे तो तिच्याभोवतीचा साज.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ पोटकलम ३ प्रत्येक शेतकऱ्याने एकदा वाचावं असं आहे. बहुतेक परवाने देणं-न देणं अधिकाऱ्याच्या समाधानावर असतं. इथे मात्र कायदा ‘देईल’ असा शब्द वापरतो. भारतीय नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर पिकासाठीही दुसरी, तशीच वीस इंचांवरची बंदूक देता येते. त्याआधी पोलिसांचा अहवाल लागतो आणि अर्जदार अयोग्य आढळला तर नकारही मिळतो. तरी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेताच्या मचाणावर बसलेला माणूस होता, हे या कलमातून स्वच्छ दिसतं. त्याला त्यांनी जाणून-बुजून सावकाश चालणारं हत्यार दिलं.

अर्धस्वयंचलित शॉटगन या चौकटीत बसत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात हत्यारांचे वर्ग आहेत. पिस्तुल-रिव्हॉल्व्हर सोडून बाकीची अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रं पहिल्या वर्गात येतात, आणि त्याच ओळीत, त्यांच्या शेजारीच, वीस इंचांपेक्षा आखूड नळीच्या बंदुका आहेत. आवाज किंवा जाळ कमी करणारी जोडणीही त्याच पहिल्या वर्गात. एकनळी, दोननळी ही तिसऱ्या वर्गातली. पहिल्या वर्गाची वाट जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर संपत नाही, ती दिल्लीपर्यंत जाते, आणि डुकरं येतात म्हणून कुणी तिथपर्यंत पोचल्याचं मी ऐकलेलं नाही. ट्रॅप आणि स्कीट खेळणाऱ्या नामांकित नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. पण भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत जाऊन पाहिलं तर त्यांच्या हातातही बहुधा एकावर एक नळी असलेली दोननळीच दिसेल.

बदल करून घेण्याबद्दल तर कायदा आणखी कडक आहे. कलम ६ नळी आखूड करायला परवान्याशिवाय मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एका वर्गाचं हत्यार दुसऱ्या वर्गात नेण्याचीही मनाई घातली. हे मोडलं तर किमान सात वर्षं, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं राहतील असं केलं, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, आणि लग्नवरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही लावले. शेवटची तरतूद फार उशिरा आली असं मला वाटतं. आपल्याकडे वरातीत उडालेला छर्रा कुठे पडेल याचा विचार न करणारी माणसं अजून आहेत.

मग शेतकऱ्याने काय बदलावं? दस्त्याची लांबी. मामेभाऊ मामांपेक्षा बुटका आहे. जुनी बंदूक खांद्याला लावली की त्याची मान पुढे ताणते आणि नळीच्या टोकावरची माशी त्याला धड दिसत नाही. परवानाधारक कारागिराकडून दस्ता थोडा कमी करून त्याला रबराची गादी बसवली, तर धक्का कमी लागेल आणि नेम सरळ बसेल. पट्टा लावावा, म्हणजे बांध ओलांडताना दोन्ही हात मोकळे राहतात. कपाटाला दुसरं कुलूप लावावं. काडतुसं एका कुलपात, बंदूक दुसऱ्या. घरातल्या लहान पोरांचा विचार करता हा सगळ्यात मोठा बदल, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. राहिला टॉर्च. त्याच्याबद्दल पुढे सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे.

इथे जरा मागे जाऊ. परवाना मागावा लागतो याचा राग गावात अजून ऐकू येतो, आणि त्या रागाला इतिहास आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला आणि १८७८ चा लिटनचा कायदा भारतीयांना परवान्याच्या दारात उभं करणारा ठरला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. काँग्रेसचे पुढारी पिढ्यानपिढ्या त्याविरुद्ध बोलले. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तो राज्यघटनेत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. कामत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेलेले होते, आणि निमाड, म्हणजे आपलं बुऱ्हाणपूर, तेव्हा त्याच प्रांतात. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकी सत्ता सगळ्या देशाला निःशस्त्र करत होती तेव्हाची मागणी वेगळी. आता हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क केला तर अट्टल गुन्हेगारही तो मागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना हत्यारांची दखल स्वतःहून घेतली तेव्हा हाच मुद्दा पुन्हा आला: अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही.

मध्य प्रदेशातच चंबळकडे मात्र बंदूक ही अब्रू मानली जाते. तिथली ओढ इतकी की २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदीसाठी माणसं पुढे यावीत म्हणून बंदुकीच्या परवान्याचं आमिष दाखवलं गेलं, आणि २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना हवा तर दहा झाडं लावा अशी अट घातली. निमाड-खानदेशाच्या या पट्ट्यात बंदुकीला तो मान कधी नव्हता. इथे ती दसऱ्याला विळा-कोयत्याशेजारी पूजेला मांडली जाते, झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि निवडणूक लागली की अनेकांची ठाण्यात जमा होते.

आता खरा प्रश्न. मारायचा हक्क कधी असतो?

जुन्या भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली आहेत. अर्थ फारसा बदललेला नाही. स्वतःचं, दुसऱ्याचं शरीर आणि मालमत्ता राखायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण जरुरीपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा कलम ४१ मध्ये फार थोड्या प्रसंगांना आहे: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यानची घरफोडी, राहत्या किंवा माल साठवायच्या जागेला आग लावणं, आणि चोरी किंवा घरात घुसखोरी अशा रीतीने होत असेल की मृत्यू किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी. साधी चोरी यात बसत नाही. केळीचे घड कापून नेणं तर नाहीच.

मामांचा एक प्रसंग मी लहान असताना घडला आणि नंतर कितीदा तरी ऐकला. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला होती. मामा पाणी द्यायला गेले, बंदूक खांद्याला. बागेत पाचेक फुटांच्या अंतराने लावलेली केळी डोक्याच्या वर गेली की रात्री आत काय आहे ते हाताच्या अंतरावरही कळत नाही. पानं एकमेकांवर घासतात तो आवाज डुकरासारखा, डुकराचा आवाज माणसासारखा. त्या रात्री पलीकडच्या ओळीत खोड मोडल्याचा आवाज झाला. मामांनी नळी मोडली, काडतूस घातलं, नळी बंद केली. तो ‘खट्’ आवाज ते तोंडाने काढून दाखवायचे. मग ओरडले, ‘कोन हाय रे?’ उत्तर नाही. पुन्हा ओरडले. आवाज थांबला. बंदूक तशीच खांद्याला लावून ते उभे राहिले, किती वेळ ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मग काडतूस काढून खिशात घातलं आणि मोटर बंद करून घरी आले. सकाळी चिखलात चपलांचे ठसे होते, छोट्या पायाचे, आणि दोन घड कापून नेलेले. कोण होतं ते कधीच कळलं नाही. मामी म्हणायच्या, पोरगं असेल कुणाचं. मामा काही म्हणायचे नाहीत.

मामांकडे तेव्हा मोबाइलवरची ती काळी बंदूक असती तर? पहिला बार हवेत, दुसरा आवाजाच्या दिशेने, तिसरा भीतीने. एकनळीत पहिल्या बारानंतर हात थांबतो. नळी मोडायची, खिसा चाचपायचा, काडतूस शोधायचं. त्या चार-पाच सेकंदांत माणसाला भान येतं. समोरच्याने हातात हत्यार घेऊन अंगावर धाव घेतली असेल तर हीच संथगती जिवावर बेतू शकते, हेही मला ठाऊक आहे. पण आपल्या शिवारात कुठली वेळ जास्त येते? केळीत न दिसणाऱ्या सावलीची. पाण्याच्या पाळीला आलेला शेजारी, घडाला हात घालणारं पोर, वाट चुकलेला मजूर. टॉर्चची गोष्ट मी म्हणालो होतो ती हीच. बंदुकीवर टॉर्च बसवला तर उजेड पाडण्यासाठी नळी रोखावी लागते, म्हणजे कोण आहे ते कळण्याआधीच त्याच्यावर नेम धरलेला असतो. टॉर्च वेगळ्या हातात हवा, नाहीतर डोक्याच्या पट्ट्याला. आधी उजेड, मग ओळख, आणि नळी तोवर जमिनीकडे. छर्ऱ्याचं काडतूस पाखरासाठी बनलं कारण ते पसरतं. जाड छर्रे केळीच्या मऊ खोडातून आरपार जाऊन पलीकडच्या ओळीत पोचू शकतात.

कायद्यालाही हा धोका माहीत आहे. कलम ४४ मधलं उदाहरण मी दोनदा वाचलं. एका माणसावर जमाव ठार मारण्यासाठी चालून येतो. त्याला जमावावर गोळी झाडल्याशिवाय वाचता येत नाही, आणि जमावात लहान मुलं आहेत. कायदा म्हणतो, त्याने गोळी झाडली आणि मुलाला लागली तरी तो गुन्हा नाही. शब्द नीट पाहावेत: दुसरा कुठलाच उपाय नाही, आणि हल्ला ठार मारण्यासाठीच आहे. दोन्ही एकत्र नसतील तर हे कलम मदतीला येत नाही. आणि कायद्याने सोडलं तरी त्या मुलाच्या घरासमोरून रोज जायचं कसं, याचं उत्तर कुठल्या कलमात नाही.

न्यायालयांनी रेषा कुठे आखली ते दोन खटल्यांतून समजतं. एक जय देव विरुद्ध पंजाब राज्य. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. शेत नांगरण्यावरून दोन गटांत भांडण झालं होतं. सुरुवातीला जय देवच्या बाजूला बचावाचा हक्क होता. पण गावकरी पळायला लागल्यावरही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. धोका गेला की हक्कही गेला. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी हा बचाव नव्हे. दुसरा दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य, जानेवारी २०१०. तोही जमिनीचाच वाद. वडिलांवर गंडाशाचा घाव झाल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. हल्ल्याच्या क्षणी माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून प्रतिकार करावा अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही, आणि भ्याडासारखं पळून जावं अशीही नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की दिसतं, न्यायालय बंदुकीकडे कमी आणि समोरच्याच्या पायांकडे जास्त बघतं: तो पुढे येत होता की मागे जात होता?

इंग्लंडमधली टोनी मार्टिनची कहाणी आपल्या शेतकऱ्याला जवळची वाटेल. नॉरफकमध्ये एकटा राहणारा हा शेतकरी, घरात आधीही चोऱ्या झालेल्या. ऑगस्ट १९९९ मधल्या एका रात्री दोघे आत शिरले. त्याने पंपाच्या विनापरवाना शॉटगनमधून बार काढले; सोळा वर्षांचा एक मुलगा मेला. ज्यूरीने खून म्हटलं, २००१ मध्ये अपिलात तो सदोष मनुष्यवध झाला. अर्धा देश त्याच्या बाजूने उभा राहिला. एकटेपणा आणि चोऱ्यांना मिळत नसलेली दाद यांचा राग मलाही समजतो. पण तो सोळा वर्षांचा मुलगा पाठीत छर्रे लागून मेला, हे बाजूला ठेवून मला तिथे जाता येत नाही.

जनावरांच्या बाबतीत तर गावात फार गैरसमज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम ११(२) म्हणतं, स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी सद्‌भावनेने वन्य प्राणी मारला तर गुन्हा नाही. माणसाच्या बचावासाठी. पिकाच्या नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायचं तर आधी वनखात्याची परवानगी लागते, आणि मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नीलगाय आणि रानडुक्कर दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत गेले. महाराष्ट्राने २०१५ च्या शासन निर्णयाने त्यांच्यासाठी परवानगीची वाट जरा सोपी केली. सीमेपलीकडे रावेर-मुक्ताईनगरात त्याची चर्चा असते. मध्य प्रदेशात नुकसानीची भरपाई महसूल पुस्तक परिपत्रकाच्या ६-४ खाली तहसीलमधून मागता येते. पंचनामा वेळेत झाला तर मिळते. बचावाचा दावा जनावराच्या बाबतीतही तपासला जातो, हे यवतमाळच्या अवनी वाघिणीने दाखवलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ ती मारली गेली. ती अंगावर आली म्हणून गोळी झाडली असं सांगितलं गेलं, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या चौकशीत त्या सांगण्यावरच प्रश्न उभे राहिले.

बंदूक नाही म्हणून बांधावरच्या तारेत वीज सोडणारे शेतकरी आहेत. याच्यावर मला रागाने लिहावंसं वाटतं. ती तार डुक्कर ओळखत नाही, शेजारचा माणूस ओळखत नाही, गाभण गाय ओळखत नाही. बंदुकीमागे निदान एक डोळा आणि एक मन असतं. रात्री तारेला चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना येत राहतात, आणि तार टाकणारा बहुतेक वेळा त्याच गावचा, ओळखीचा असतो.

बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या बंदुकांची आणखी एक बाजू आहे, ती सोडून हा आढावा पुरा होणार नाही. खकनारकडच्या पाचोरी गावातल्या शिकलीगरांच्या हातची देशी पिस्तुलं महाराष्ट्रातल्या शहरांतल्या गुन्ह्यांत सापडतात. पोलीस छापे घालतात, काही महिन्यांनी पुन्हा तेच. तलवारींना धार लावणाऱ्या, शीख गुरूंच्या सैन्यासाठी हत्यारं घडवणाऱ्या या लोकांचं कसब पिढीजात आहे, आणि त्या कसबाला कायदेशीर कारखान्याची वाट आजवर कुणी मोकळी करून दिली नाही, याचं मला वाईट वाटतं. घरबसल्या ‘बदल करून’ मिळणाऱ्या हत्याराची खरी बाजारपेठ तीच आहे. तिकडे वळू नको, एवढं मामेभावाला मी बजावून सांगितलं.

आणि जंगल. ९ जुलै २०१९ रोजी नेपानगर भागातल्या सिवल गावात वनजमिनीवरचं पीक हटवायला गेलेल्या पथकाकडून छर्रे सुटले आणि चार आदिवासी जखमी झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये विदिशा जिल्ह्यात लटेरीत वनकर्मचाऱ्यांच्या गोळीबारात एक आदिवासी मेला. कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि निषेध म्हणून राज्यभरच्या वनरक्षकांनी बंदुका जमा केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबर संपता संपता नेपानगरजवळच्या बाकडी वनचौकीवर टोळी चालून आली आणि सतरा बंदुका, शेकडो काडतुसं घेऊन गेली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये जमावाने नेपानगरच्या ठाण्यावरच हल्ला करून आरोपी सोडवले. लाकूडतोड्या टोळीसमोर दोन-तीन वनरक्षक उभे असतात तेव्हा बचाव म्हणजे काय? आणि ज्याच्या बापजाद्यांनी कसलेल्या जमिनीवर यंत्रं येतात त्याचा बचाव कुठला? महाराष्ट्राने २०१२ मध्ये वाघांचे शिकारी मारणाऱ्या वनकर्मचाऱ्यावर गुन्हा धरला जाणार नाही असं जाहीर केलं होतं. अशा सरसकट सूटपत्राची मला भीती वाटते. बारा बोरचे छर्रे शिकारी आणि सरपण गोळा करणारी बाई यांत फरक करत नाहीत. तो फरक करायचं काम माणसाचं, आणि आधीच माफी मिळालेला माणूस ते काम नीट करत नाही.

शेतकऱ्याला अर्धस्वयंचलित बंदूक द्यावी का, या प्रश्नाचं एका देशाने दिलेलं उत्तर मला विचार करण्यासारखं वाटतं. २८ एप्रिल १९९६ ला टास्मानियात पोर्ट आर्थर इथे एका माणसाने पस्तीस जण मारले. ऑस्ट्रेलियाने त्यानंतर अर्धस्वयंचलित रायफली आणि अर्धस्वयंचलित व पंपाच्या शॉटगन सर्वसामान्यांकडून काढून घेतल्या, पैसे देऊन सहा लाखांहून अधिक हत्यारं परत घेतली आणि नष्ट केली. पण खरोखर शेती करणाऱ्यासाठी एक वेगळा वर्ग ठेवला: पाचपर्यंत काडतुसं मावणारी शॉटगन, गरज सिद्ध केली तर. आणि त्याच कायद्यात स्वसंरक्षण हे परवान्याचं कारणच मानलं नाही. जनावरांसाठी वेगवान बंदूक एक वेळ मिळेल, माणसांसाठी कुठलीच नाही, अशी ती विभागणी. आपला १९५९ चा कायदा संरक्षणाचं कारण मान्य करतो आणि वेग मान्य करत नाही. मला आपली रचना आपल्या शिवाराला जास्त योग्य वाटते. ऑस्ट्रेलियात दोन घरांत कित्येक किलोमीटर अंतर असतं. निंबोल्यात बांधाच्या पलीकडे चुलतभाऊ झोपलेला असतो.

मामेभावाने आता काय करायचं ते मी त्याला टप्प्याटप्प्याने सांगितलं. परवानाधारक गेला की वारसाने हत्यार जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. ते त्याने केलं, पावती जपून ठेवली आहे. नव्या परवान्याचा अर्ज बुऱ्हाणपूरला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यायचं. मधल्या काळात बागेच्या डोंगराकडच्या बाजूला सौर कुंपण घालायचं त्याच्या मनात आहे, त्यासाठी तो अनुदानाची चौकशी करतो आहे. रात्री माणसं शिरली तर ११२ वर फोन करायचा. शेजारच्या तीन बागवाल्यांशी बोलून पाण्याच्या पाळ्यांची यादी एका वहीत लिहायची ठरली आहे, म्हणजे कुठल्या रात्री कुठल्या ओळीत कोण असेल ते चौघांना माहीत राहील. ही वहीची कल्पना मामींची. पहिल्या पानावर त्यांनी मुलाकडून सगळ्यांचे मोबाइल नंबर लिहून घेतले, आणि खाली, नंबर नसलेल्या सालदाराचं नुसतं नाव.